पोपटाचे औषध

औषध पाजणे ही एक कला आहे, आणि चौसष्ट कलांच्या यादीत ती कशी राहून गेली याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. ज्यांनी ती यादी केली त्यांच्या घरात तान्हे मूल नसावे. किंवा असलेच, तर ऐन औषधाच्या वेळी ते विद्वान ओसरीवर पान खात बसत असावेत. आई वाटी-चमचा घेऊन येताना दिसली की सहा महिन्यांचे पोर ओठ असे मिटून घेते की बँकेच्या तिजोरीने लाजावे. म्हाताऱ्या माणसांची तऱ्हा निराळी. ती गोळी तोंडात टाकतात, वर पाणी पितात, "घेतली रे बाबा" म्हणून सांगतात, आणि संध्याकाळी केर काढताना तीच गोळी पलंगाखाली सापडते.

मुक्या जनावरांच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी बराच विचार केलेला दिसतो. घोड्यांसाठी शालिहोत्र होऊन गेले, हत्तींसाठी पालकाप्य. माहूत गुळाच्या नाहीतर भाताच्या गोळ्यात औषध दडवतो आणि हत्ती ते मिटक्या मारीत खातो. मांजराला औषध पाजणारा माणूस मात्र हातावरच्या ओरखड्यांवरून शंभर माणसांत ओळखू येतो. पण वाचकहो, सरड्याला औषध कसे पाजावे हे कोणत्या पोथीत लिहिले आहे? मला ते शिकावे लागले, आणि तेही आमच्या गिरीजमध्ये बसून.

गिरीज म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यातले गाव. केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या, पावसाचे पाणी साठवणारी बावखले, आणि या सर्वांवर नजर ठेवून असलेली हिराडोंगरी, तोच वज्रगड. या गावात सरड्यांना तोटा नाही. कुंपणावर सरडा, भिंतीवर पाल, पालापाचोळ्यात सापसुरळी, आणि नशीब असेल तर बावखलाच्या काठी एखादी घोरपड. यांपैकी कोणी आजारी पडले म्हणून कोणी औषध शोधीत गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा आमच्या पुतण्याने एक दिवस हातभर लांबीची काचेची पेटी ओसरीवर आणून ठेवली आणि "काका, हा पोपट" म्हणून सांगितले, त्या वेळी मी आधी पिंजरा शोधला आणि मग पोपट.

पेटीत होता तो हिरवागार इग्वाना. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, झाडावर राहणारा, पाला खाणारा मोठा सरडा. रंगामुळे त्याचे नाव पोपट पडले. पुतण्याचा एक मित्र शिकायला परदेशी गेला आणि जाताना हे बिऱ्हाड मागे ठेवून गेला. बरोबर कागदपत्रेही होती. परदेशी जातीचे असे प्राणी बाळगणाऱ्यांसाठी २०२२ साली वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ साली नोंदणीचे नियम आले. मालक बदलला तर तेही कळवावे लागते. पुतण्याने ते सर्व यथासांग केले. आमच्या घरात रेशनकार्डावर नाव चढायला जेवढी धावपळ झाली नव्हती तेवढी पोपटासाठी झाली.

आमच्या सौभाग्यवतींनी पोपटाकडे एकदा पाहिले आणि तीन कलमी हुकूम काढला. एक, तो स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. दोन, त्याला हात लावणारा साबणाने हात धुतल्याशिवाय कशालाही शिवणार नाही. तीन, त्याने नाक शिंकरलेले त्याचे त्याने पुसावे. तिसरे कलम अमलात येणे कठीण होते. पोपट दिवसातून चार-पाच वेळा शिंके आणि समोरच्या काचेवर पांढरे शिंतोडे उडत. आम्हाला वाटले पडसे झाले. पुढे कळले की इग्वानाच्या नाकात मिठाच्या ग्रंथी असतात आणि अंगातले जास्तीचे मीठ तो असाच शिंकून टाकतो. दुसरे कलम मात्र डॉक्टरांनीही शिरोधार्य मानले. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात आणि त्यांनी माणसाचे पोट बिघडते.

आषाढ लागला आणि पोपटाचे काहीतरी बिनसले. फांदीवर चढायचा तो तळाशी पडून राहू लागला. पायाची बोटे मधूनच थरथरत. खाणे कमी झाले. खालचा जबडा थोडा सुजल्यासारखा दिसे. पुतण्याची झोप उडाली. परळचे जनावरांचे इस्पितळ, ज्याला जुनी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणून ओळखते, आणि त्याच आवारातले १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय एवढेच मला ठाऊक होते. पण त्याने चौकशी करून सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला एक तरुण डॉक्टर शोधला आणि पोपटाला उशीच्या अभ्र्यात घालून, वर टोपली ठेवून, सकाळच्या लोकलने घेऊन गेला. वसई रोडहून निघालेल्या गर्दीत कोणीतरी विचारलेच, "टोपलीत काय?" पुतण्या म्हणाला, "पोपट." लोक सरकून बसले नाहीत. खरे सांगितले असते तर सगळे बाक मोकळे झाले असते.

डॉक्टरांनी वजन केले: ६४० ग्रॅम. जबडा दोन बोटांत हलकेच धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. हाडे मऊ पडली होती. पोपटाच्या रक्तात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडत होते, आणि शरीर ते स्वतःच्याच हाडांतून उपसून काढीत होते. कारण विचाराल तर साधे होते. इग्वानाला कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागते, आणि ते तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण लागतात. ते किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. आधीच्या घरी पेटी बंद खिडकीशी ठेवलेली असे. ऊन दिसे, पण लाभत नसे. शिवाय त्याला रोज पालक घालीत. पालकात ऑक्झॅलेट असते आणि ते आहे तो चुनाही बांधून ठेवते. वरून वसईचा पाऊस! आमच्याकडे आषाढात सूर्यनारायण पाहुण्यासारखे येतात आणि चहा न घेता जातात.

औषध ठरले ते गोड, दाट, पांढरे कॅल्शियमचे सिरप. दिवसातून दोनदा, बिनसुईच्या सिरिंजने, तोंडावाटे, काही आठवडे. शिवाय अतिनील किरणांची खास नळी लावायची. आणि ती उजळत असली तरी ठरल्या महिन्यांनी बदलायची, कारण डोळ्यांना दिसणारा उजेड टिकतो पण ते किरण आटतात.

"पण एक ध्यानात ठेवा," डॉक्टर म्हणाले, "धडधाकट इग्वानाचं तोंड आम्ही गळ्याखालची झोळी हलकेच ओढून उघडतो. याच्या बाबतीत तसं करू नका. जबडा रबरासारखा झालाय. जोर केलात तर मोडेल. आणि मोडला तर मग तो खाणारच नाही."

म्हणजे पेच पाहा. औषध पाजले नाही तर हाडे जातात, आणि पाजायला जोर केला तर जबडा जातो.

एवढ्यावरच भागले नाही. सरड्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशी असते, तोंड उघडले की समोर दिसते. औषध तिथे उतरले तर फुफ्फुसात. माणसाला ठसका लागतो आणि चूक बाहेर येते. सरड्याला आपल्यासारखा श्वासपटल नाही. त्याला धड खोकताही येत नाही. बिचारा गुपचूप न्यूमोनियाने जातो.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी पुतण्याने टॉवेलात पोपटाची पुरचुंडी बांधली. पोपटाने ओठ मिटले. तान्ह्या मुलाच्या ओठांची जी तारीफ मी वर केली आहे ती मी या ठिकाणी मागे घेतो. सिरिंजचे टोक ओठांच्या कडेला लावले तर सिरप बाहेरून ओघळून गळ्यावर, गळ्यावरून टॉवेलावर, टॉवेलावरून पुतण्याच्या नव्या शर्टावर. अर्ध्या तासात मुंग्या आल्या. औषध अंगी लागले ते त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी जेवणात मिसळून दिले. पोपटाने ते पान वगळून बाकीची खाल्ली. तिसऱ्या दिवशी वीज गेली. हे नुसते गैरसोयीचे नव्हते. सरडा अंगची ऊब स्वतः तयार करीत नाही, ती बाहेरून घेतो. अंग गार पडले की आतडे थंडावते आणि औषध नुसते पोटात पडून राहते. गार सरड्याला औषध पाजूच नये, आधी ऊब द्यावी, असे डॉक्टरांनी बजावले होते. तेव्हा आमची कंबर शेकायची रबरी पिशवी, तिच्यावर दोन घड्यांचे फडके, आणि त्यावर पोपट. सौभाग्यवती कंबर धरून कोचावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण ही पिशवी इतक्या तत्परतेनं कोणी मला भरून दिली नव्हती."

गावात बातमी पसरलीच. सल्लागार जमले. एकाने हळद सांगितली, एकाने दृष्ट काढायला सांगितली. एक गृहस्थ मोठ्या उदारपणे म्हणाले, "कशाला त्रास घेता? द्या सोडून हिराडोंगरीवर. आपोआप बरा होईल." हे ऐकायला बरे वाटते, पण जे जनावर इथले नाही ते इथे सोडले तर एक तर ते मरते, नाहीतर इथल्यांना मारते. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतात लोकांनी असेच हौसेचे इग्वाना सोडून दिले. आज ते तिथे बागा खातात आणि कालव्यांचे काठ पोखरतात. जानेवारी २०२० मध्ये थंडीची लाट आली तेव्हा तिथल्या हवामान खात्याने झाडांवरून गारठलेले इग्वाना खाली पडण्याचा इशारा दिला होता. आमच्या डोंगरीवर दत्ताच्या दर्शनाला जाणाऱ्यांवर तो प्रसंग नको.

चौथ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे नाना आले. नानांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या तरुणपणी वाडीचे पाणी रहाटावर चाले आणि रहाट बैलावर. बैल आजारी पडला की केळी वाळत, म्हणून बैलाला औषध पाजणे हे त्यांच्या घरी देवपूजेइतके काटेकोर काम होते. तिरपी कापलेली बांबूची नळी अजून त्यांच्या पडवीत टांगलेली आहे. मी मनात म्हटले, आता नाना नळी आणतात की काय! पण त्यांनी काही आणले नाही. पुतण्याने टॉवेल उचलताच ते म्हणाले,

"थांब. त्याला धरतोस कशाला?"

"मग पाजू कसं नाना?"

"आधी सांग, हात वरनं का नेतोस?"

आम्ही गप्प. नाना म्हणाले, "जनावरावर वरनं हात आला की त्याला वाटतं घार आली. बैलसुद्धा बुजतो. बाजूनं जावं, दिसेल असं. आणि डोकं वर ताणू नये. बैलाचं नाक डोळ्याच्या वर गेलं की औषध पोटात जात नाही, छातीत जातं. माझ्या बापानं मला एकच गोष्ट शिकवली, पाजणाऱ्याला घाई असेल तर त्यानं पाजू नये."

मी नानांकडे पाहतच राहिलो. इग्वानाच्या डोक्यावर, टाळूच्या मध्यभागी, खरोखरच एक तिसरा डोळा असतो. एक फिकट खवला. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. ती सोय वरून झडप घालणाऱ्या पक्ष्यापासून वाचण्यासाठी आहे. म्हणजे आम्ही टॉवेल घेऊन वरून उतरलो की त्या जिवाला रोज दोनदा घार दिसत होती, आणि घारीच्या हातून कोण औषध घेईल?

मग नानांनी विचारले, "ह्याला आवडतं काय?" आवडते म्हणजे जास्वंद. आमच्या दारची तांबडी जास्वंद दिसली की अंथरुणाला खिळलेला पोपटही मान वळवी. नानांनी एक फूल आणवले आणि पोपटासमोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर, नुसते धरून बसले. पाच मिनिटे, दहा मिनिटे. बाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी पोपटाने जीभ बाहेर काढली. सरड्याची ही सवयच आहे. समोर काही नवे आले की तो ते जिभेने चाखून ओळखतो.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "तोंड तो उघडतोय. आपण उघडायचं नाही."

पुतण्याने सिरिंज घेतली, बाजूने नेली आणि नाकाच्या शेंड्यावर, वरच्या ओठाच्या कडेला, सिरपचा एक थेंब ठेवला. एकच. पोपटाने डोळा मिटला, उघडला, आणि जिभेने तो थेंब पुसून घेतला. गोड लागला असावा. दुसरा थेंब ठेवला, तोही गेला. तिसऱ्याला जरा वेळ लागला. ठरलेली मात्रा संपायला त्या संध्याकाळी पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ त्या ओसरीवर कोणी मोठ्याने बोलले नाही. सौभाग्यवती आतून चहा घेऊन आल्या आणि कप तसेच हातात धरून उभ्या राहिल्या. थेंब जिभेने चाटला की गिळणे त्याच्याच हाती राहते. श्वासनळीत जायची भीती फार कमी. डॉक्टरांना कळवले तेव्हा ते म्हणाले, "याहून चांगली रीत नाही. तेवढा धीर असला म्हणजे झालं."

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ हा कार्यक्रम सुरू झाला. पालक बंद, शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस आणि प्रसाद म्हणून जास्वंद. पुतण्याने एक वही घातली: तारीख, वजन, किती थेंब, किती वेळ.

त्या बसल्या वेळात माझ्या मनात एक विचार नेहमी येई. आजवर माणसाने सरड्याला औषध दिले नाही, सरड्याचे औषध केले. थरच्या वाळवंटातला सांडा पकडून त्याची चरबी कढवायची आणि रस्त्याच्या कडेला तेल म्हणून विकायची. त्या तेलात चरबीपलीकडे काही नसते. ज्या यशवंती घोरपडीची कथा सिंहगडाच्या संदर्भात आपण पोरांना सांगतो, त्याच घोरपडीला संधिवाताच्या नावाखाली मारतात. 'हत्ता जोडी' म्हणून पैसा आणणारी मुळी विकली जाते ती वनस्पती नसून घोरपडीच्या नराचा वाळवलेला अवयव आहे, हे २०१७ साली पुरते उघडकीला आले. घोरपड कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणाऱ्याला किंवा पाळणाऱ्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा पोपटाची हकिगत वाचून कोणी बावखलाच्या काठची घोरपड घरी नेण्याचा बेत करीत असेल, तर त्याने तो इथेच सोडावा.

आणि सरड्याने आपल्याला खरे औषध दिले ते न मारता. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या विषात जॉन एंग या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना १९९२ च्या सुमारास एक द्रव्य सापडले. जेवणानंतर साखर आवरणारे जे संप्रेरक आपल्या आतड्यात तयार होते त्याचा हा जवळचा भाऊ. फरक एवढाच की आपले दोन-तीन मिनिटांत नष्ट होते आणि सरड्याचे तासन्‌तास टिकते. त्याच नमुन्यावर प्रयोगशाळेत बनवलेले मधुमेहाचे इंजेक्शन २००५ साली अमेरिकेत मान्य झाले. मी स्वतः मधुमेही आहे. पोपटाच्या नाकावर थेंब ठेवताना त्याच्या दूरच्या नातलगाचे थोडे देणे फिटते आहे असे मला वाटे. पोपटाला तसे काही वाटत असल्याचे दिसले नाही.

श्रावण गेला. वहीत ६४० चे ६६० झाले, मध्ये एकदा ६५० वर घसरले तेव्हा पुतण्या जेवला नाही, आणि भाद्रपदात ७१० झाले. थरथर थांबली. गणपतीत उघडीप मिळाली तेव्हा पेटी सोडून त्याला अंगणातल्या जाळीच्या पिंजऱ्यात, काचेविना, खऱ्या उन्हात ठेवले. तो फांदीवर चढला आणि दोन्ही बाजूंनी अंग चपटे करून उन्हाला दिले. नाना खुर्ची टाकून समोर बसले होते, घारीवर नजर ठेवून.

ज्यांना दिवाळीची भेट म्हणून बाजारातले वीतभर हिरवे पिल्लू पोरांना द्यावेसे वाटेल त्यांना एवढेच सांगतो. ते पिल्लू मोठे होऊन दीड मीटरच्या पुढे जाते, आणि नीट सांभाळले तर पंधरा-वीस वर्षे जगते. कागद मागा, ऊन कुठून आणणार ते ठरवा, आणि पाऊण तास गप्प बसणारा एक तरी माणूस घरात आहे का ते पाहा. नसेल तर आकाशकंदील घ्या.

कोजागिरीच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे थेंब ठेवायला गेलो. पोपटाने माझ्याकडे पाहिले, सिरिंजकडे पाहिले, आणि मला काही कळायच्या आत माझ्या तर्जनीला कडकडून चावला. चांगले रक्त आले. मी ओरडलो, आतून सगळे धावत आले. पुतण्याने बोट पाहिले, दातांच्या खुणांची ओळ पाहिली, आणि तो नाचायलाच लागला. त्याने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

"काकांना चावला! जोरात चावला!"

"जबडा घट्ट झाला," पलीकडून आवाज आला. "अभिनंदन. काकांना जखम साबणानं धुवायला सांगा."

सौभाग्यवतींनी त्या दिवशी गोड केले.